डॅशबोर्डवरची दिवाळी: जुन्या हायब्रिडच्या नवशिक्या मालकांसाठी

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या देशी व्हॉट्सॲप ग्रुपवर 'वेल मेंटेन्ड, सिंगल ओनर, इंडियाला परत जात असल्यामुळे विकणे आहे' अशी जाहिरात वाचून ज्यांनी तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०१० ते २०१५ या सालांतली टोयोटा प्रियस घेतली, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. चावी हातात देताना विकणारा म्हणाला असेल, "कधीकधी एक दिवा लागतो, पण आपोआप जातो." विकणाऱ्याला खोटं ठरवू नये. दिवा खरोखरच आपोआप जातो. तो पुन्हा येतो आणि येताना सोबत इतरांना घेऊन येतो, एवढंच सांगायचं राहून गेलेलं असतं.

शाळेतल्या प्रयोगवहीत उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असा क्रम छापलेला असायचा. आपण निष्कर्ष आधी लिहायचो आणि त्याला शोभतील अशी निरीक्षणं मागाहून पाडायचो. जुनी हायब्रिड आजही याच परंपरेने तपासली जाते. लाल त्रिकोण पेटला की निष्कर्ष तयार: बॅटरी गेली. शाळेत या पद्धतीने दहापैकी नऊ गुण मिळायचे. इथे काही हजार डॉलर जातात आणि महिन्याभराने त्रिकोण परत हजर. कारण दिवा सांगतो तो मार खाणाऱ्याचं नाव. मारणाऱ्याचा पत्ता आपल्यालाच काढावा लागतो.

साहित्य

साधा मल्टिमीटर. गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये खुपसायचा आणि फोनशी बोलणारा एक डोंगल. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या सगळ्या मोटारींना हे सॉकेट सक्तीचं आहे, स्टीअरिंगच्या खाली वाकून बघावं. दहा नंबरचा पाना. तो हरवतोच, म्हणून दोन घ्यावेत. टॉर्च, काळा मार्कर आणि एक वही. वही महत्त्वाची. दिवा कधी लागला, बाहेर थंडी किती होती, गाडी किती तास उभी होती, पाऊस होता का, एसी चालू होता का, हे सगळं तिच्यात. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्या मुलासारखी वागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तिथे तुमच्या बाजूने साक्ष द्यायला ही वही आणि फोनवर काढलेला व्हिडिओ, एवढेच असतात.

नारिंगी आवरणाची वायर दिसली की हात खिशात घालावेत. तिच्यातून मोठ्या बॅटरीचे दोनशेवर व्होल्ट जातात आणि पुढे इन्व्हर्टर ते साडेसहाशेपर्यंत चढवतो. डिकीतला सर्व्हिस प्लग उपटल्यावरसुद्धा कपॅसिटर रिकामे व्हायला निदान दहा मिनिटं थांबायचं असतं आणि हातात हजार व्होल्टचे रबरी मोजे असावे लागतात. भांडी घासायचे पिवळे मोजे चालतील का, असा प्रश्न ज्यांच्या मनात आत्ता आला, त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. या लेखातला विनोद या परिच्छेदाला लागू नाही. तसाच तो बंद गॅरेजलाही लागू नाही: 'रेडी' अवस्थेतली प्रियस गप्प उभी असते, पण बॅटरी उतरली की इंजिन स्वतःहून चालू करते. त्यामुळे तपासणी कायम मोकळ्या हवेत करावी.

हे सगळं विकत आणण्याआधी एक फुकट काम आहे. काचेच्या कोपऱ्यातून दिसणारा सतरा आकडी व्हीआयएन क्रमांक एनएचटीएसए या अमेरिकी सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टाकावा. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरपायी जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच विषयाच्या शेपटासाठी सुमारे २४ लाख हायब्रिड पुन्हा. तुमच्या सिंगल ओनरने ती पत्रं पिझ्झाच्या कूपनांबरोबर टाकून दिलेली असू शकतात. रिकॉलचं काम फुकट होतं आणि ते पहिल्याच मालकाला मिळतं असं नाही.

पहिली कृती: धाकटी बॅटरी

हायब्रिडमध्ये बॅटऱ्या दोन. थोरलीची चर्चा सगळीकडे चालते. घोळ बहुतेक वेळा धाकटी घालते. ही साधी बारा व्होल्टची, डिकीत उजव्या बाजूला पॅनेलखाली बसवलेली. तिला इंजिन फिरवायचं नसतं, म्हणून ती अंगाने लहान. सकाळी गाडीतले संगणक जागे करायचे आणि थोरल्या बॅटरीला जोडणारे रिले ओढायचे, एवढंच तिचं काम. पण ते तिने केलं नाही, तर मागच्या सीटमागे दोनशे व्होल्ट भरलेले असतानाही गाडी बारा व्होल्टांसाठी अडून बसते.

आणि ती एकदम मरत नाही, ही खरी पंचाईत. आधी अर्धवट जगते. व्होल्टेज खाली गेलं की प्रत्येक संगणक आपापल्या परीने घाबरतो. ब्रेकचा दिवा लागतो, एबीएसचा लागतो, स्टीअरिंगचा लागतो, किल्ली खिशात असताना 'किल्ली सापडत नाही' असा निरोप येतो आणि वर लाल त्रिकोण. नवशिका मालक मोजून पाच बिघाड वहीत उतरवतो. असतो एकच, दोनशे डॉलरच्या आसपासचा.

तपासणी अशी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, काहीही चालू न करता, मल्टिमीटर लावावा. साडेबाराच्या वर आकडा असला तर ठीक. बाराच्या खाली असला तर पुढचं काहीही वाचू नका, आधी बॅटरी चार्ज करा. मग 'रेडी' ही हिरवी अक्षरं येऊ द्यावीत आणि पुन्हा मोजावं. चौदाच्या जवळपास दिसायला हवं. या गाडीत अल्टरनेटर नाही, थोरली बॅटरीच एका कन्व्हर्टरमार्फत धाकटीला पोसते. 'रेडी' असूनही आकडा बारावरच रेंगाळला तर संशय त्या कन्व्हर्टरवर. आकडा हलवल्यासारखा वरखाली झाला तर टर्मिनलवर. दहा नंबरचा पाना इथे लागतो, आणि नेमका इथेच सापडत नाही.

धाकटी पूर्ण झोपली की एक वेगळीच गंमत होते. डिकीचं कुलूप विजेवर चालतं आणि बॅटरी डिकीत. घाबरू नये. किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपवलेली असते, तिने ड्रायव्हरचं दार उघडून बॉनेट उघडावं. फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाखाली जंपर लावायची जागा दिलेली आहे. लाल आणि काळी उलटी लावली तर या लेखाचा उरलेला भाग तुम्हाला लागू राहणार नाही, कारण तुमचे बिघाड वेगळ्या दर्जाचे झालेले असतील.

मराठी माणसाच्या धाकट्या बॅटरीला एक खास आजार होतो, त्याला डिसेंबर म्हणतात. मालक पाच आठवडे पुण्याला. इकडे गोठणाऱ्या थंडीत गाडी किल्लीची वाट बघत थोडी थोडी वीज खात राहते. मालक परततो तेव्हा बॅगांमध्ये चितळ्यांची बाकरवडी आणि गाडीत शून्य. असं दोनदा झालं की नवीन बॅटरीसुद्धा कायमची अधू होते, आणि मग वर्षभर 'अधूनमधून दिवा लागतो' हे रडगाणं. विमान पकडण्याआधी निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावं. डिकी मात्र कशी उघडायची ते आधी वाचून.

सल्लागार मंडळ

या टप्प्यावर सांगलीहून काकांचा व्हिडिओ कॉल येईल. काकांनी आयुष्यभर फियाट चालवली, वाटेत उघडली आणि वाटेतच जोडली, त्यामुळे त्यांचा अधिकार वादातीत. "सेल्फ बघितलास का?" सेल्फ नाहीये, काका. गाडीतली मोटर-जनरेटरच इंजिन फिरवते. "मग फॅनबेल्ट सैल असेल." बेल्टही नाही, पाण्याचा पंप आणि एसी दोन्ही विजेवर. "बरं, चार पोरं बोलव, धक्का मार आणि सेकंडवर सोड." क्लच नाही आणि सेकंडही नाही. इथे काका गप्प होतात, कॅमेरा छताकडे जातो आणि मागून काकूंचा आवाज येतो, "त्याला म्हणावं, घेतलीच कशाला?" निदानशास्त्रातला हा सर्वांत मूलभूत प्रश्न आहे, पण डोंगलला त्याचं उत्तर येत नाही.

कोड वाचणे आणि न पुसणे

डोंगल लावल्यावर फोनवर अक्षरं-आकडे उमटतात. पहिला मोह होतो ते पुसण्याचा. ॲपमध्ये बटण असतं, दाबलं की दिवे विझतात आणि मनुष्य सुखाने जेवतो. कृपया आधी फोटो काढावा. कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम' साठवलेली असते: बिघाडाच्या क्षणी इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, गाडीचा वेग. म्हणजे पंचनामा आयता तयार, आणि आपण तो गुन्हा घडल्या दिवशीच फाडतो. बारा व्होल्टच्या बॅटरीचं टर्मिनल सोडून परत जोडणं हा याच गुन्ह्याचा जुना प्रकार.

दुसरं असं की स्वस्त डोंगल फक्त इंजिनाच्या संगणकाशी बोलतो. हायब्रिड यंत्रणेचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, बॅटरीचा वेगळा. शिवाय टोयोटाच्या हायब्रिड कोडांना पोटकोड असतात आणि खरी माहिती त्या पोटात. म्हणून प्रियस ओळखणारं ॲप घ्यावं आणि सगळ्या संगणकांची हजेरी घ्यावी. पाच ठिकाणी पाच कोड दिसले, तर ज्याच्यामुळे बाकीचे येऊ शकतील असा कोणता, हे बघावं. उत्तर धाकटी बॅटरी आलं तर मागच्या प्रकरणाकडे जावं, लाज वाटू देऊ नये.

सकाळची थरथर

आता ज्यासाठी बरेच वाचक इथवर आले ते प्रकरण. गाडी रात्रभर उभी. सकाळी इंजिन लागतं आणि पाच-दहा सेकंद अशी थरथरते की कपहोल्डरमधला चहा बाहेर. मग सगळं शांत. दिवसभर काही नाही. दोन-तीन दिवसांनी परत. कधी चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. कोड बघावा तर पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी एक: इंजिन मिसिंग मारतंय. शेवटचा आकडा सिलिंडरचा.

प्रचलित उपचार असे. पहिल्या महिन्यात चार प्लग. दुसऱ्यात चार कॉइल. तिसऱ्यात पेट्रोलमध्ये ओतायची बाटली, जी कुठलाच आजार बरा करत नाही आणि सगळ्यांवर चालते. चौथ्या महिन्यात गाडी विकायची जाहिरात: वेल मेंटेन्ड, सिंगल ओनर.

त्याऐवजी एका पैशाचाही खर्च नसलेली युक्ती करावी. कोड पी०३०१ असेल तर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला लावावी आणि दुसऱ्याची पहिल्याला. मग वाट बघावी. पुढच्या वेळी पी०३०२ आला, तर बिघाड कॉइलबरोबर सरकला. कॉइल बदला, आनंद करा. कोड पहिल्यावरच अडून राहिला तर कॉइल निर्दोष. प्लगचीही तीच परीक्षा. बिघाडाला जागा बदलायला लावणं ही निदानाची अर्धी विद्या आहे, आणि पार्ट विकणारे ती सांगत नाहीत.

कॉइल आणि प्लग दोघंही सुटले तर काळा मार्कर बाहेर काढावा. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीची रेघ ओढून तारीख घालावी. दोन-तीन आठवड्यांनी पातळी रेघेखाली असेल आणि गाडीखाली थेंब नसेल, तर कूलंट कुठे जातंय याचं उत्तर अप्रिय आहे. ते इंजिनातच जातंय. रात्री थंड होताना दाबाखालचं पाणी हेड गॅस्केटच्या बारीक फटीतून एका सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी तो सिलिंडर ओला, पेटत नाही, गाडी थरथरते. पाणी उडून गेलं की सुरळीत. म्हणून तर फक्त सकाळी, म्हणून तर फक्त काही सेकंद, आणि म्हणूनच दुपारी गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. पक्कं करायचं असेल तर मेकॅनिकने रात्री कूलंटला पंपाने दाब देऊन ठेवावा आणि सकाळी प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडावा. तीन पिस्टन काजळलेले आणि एक धुतल्यासारखा चकचकीत दिसला, तर तो कौतुकाचा विषय नाही.

पण गॅस्केट तरी का गेलं? इथे बरेच जण थांबतात आणि म्हणून वर्षा-दोन वर्षांत परत येतात. या १.८ लिटरच्या इंजिनात जळालेल्या वायूचा थोडा भाग कूलरमधून थंड करून पुन्हा सिलिंडरांत सोडतात. इंधन वाचतं, ज्वलनही थंड राहतं. या ईजीआर कूलरच्या बारीक जाळीत वर्षानुवर्षांची काजळी बसते, मॅनिफोल्डमधल्या छोट्या वाटाही तुंबतात, आणि सगळ्या सारख्या तुंबत नाहीत. ज्या सिलिंडरच्या वाट्याला थंड वायू कमी येतो तो जास्त तापतो. गॅस्केट तिथे हार मानतं, असं या गाड्या रोज उघडणाऱ्या अनेक मेकॅनिकांचं मत आहे, आणि मला ते पटतं. म्हणजे नवीन गॅस्केट टाकून कूलर तसाच तुंबलेला ठेवला, तर पुढच्या गॅस्केटची तारीख आपण स्वतः ठरवून दिली. ज्यांची गाडी अजून थरथरत नाही, त्यांनी कूलर आणि मॅनिफोल्ड आत्ताच काढून धुवून घ्यावेत. कष्टाचं काम आहे, पण इंजिन उघडण्यापेक्षा फार स्वस्त.

जाता जाता: हायब्रिडचं इंजिन सिग्नलवर बंद होऊन पुन्हा लागतं तेव्हा बारीक हिसका बसतो. तो जन्मजात आहे. प्रत्येक हिसक्याला वहीत नोंद करणाऱ्यांनी थोडे दिवस बसने जावं.

थोरली बॅटरी

आता त्रिकोणाकडे. पी०ए८० या कोडचं अधिकृत नावच 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असं आहे. म्हणजे निष्कर्ष आधी लिहिण्याची सवय कारखान्यातही होती. कोड बऱ्याचदा बरोबर असतो, हे कबूल. निकेल-मेटल हायड्राइडचे २८ मॉड्यूल, प्रत्येकी ७.२ व्होल्ट, एकूण २०१.६; संगणक त्यांना जोडी-जोडीने मोजतो. ॲपवर चौदा खांब दिसतात. चढावर गाडी जोर लावत असताना तेरा खांब एका उंचीवर आणि एक व्होल्टभर खाली बसला, तर त्या जोडीत कुणीतरी आजारी आहे.

तरीही आधी मागच्या सीटच्या कडेची जाळी बघा. थोरली बॅटरी गाडीतली हवा ओढून थंड होते, आणि ती हवा त्या जाळीतून जाते. पंख्यावर धूळ, कुत्र्याचे केस, चुरमुऱ्याचे दाणे. लहान मुलं असलेल्या घरात जाळीसमोर जॅकेटांचा ढीग कायमचा. बॅटरी उन्हाळाभर उकडत राहते आणि नवीन टाकली तरी तीही उकडेल. पॅक उघडायची वेळ आलीच तर मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलाय का, तेही पाहायला सांगावं. गंजामुळे मापच चुकीचं जातं.

एकच मेलेला मॉड्यूल बदलून देणारे स्वस्तातले कारागीर भेटतात. ते करून घ्यावं, पण कशासाठी ते समजून. उरलेले सत्तावीस त्याच वयाचे आहेत. नवा सोबती येऊन बसला म्हणून त्यांचं वय कमी होत नाही, आणि काही महिन्यांत दुसरा बसतो. गाडी दोन महिन्यांत विकायची असेल तर हा उपाय उत्तम, मात्र घेणाऱ्याला सांगून.

ज्यांच्या गाडीत फक्त उन्हाळ्यात हायवेवर त्रिकोण लागतो, अर्धा तास थांबलं की जातो आणि कोड पी०ए९३ निघतो, त्यांनी बॅटरीकडे बघूसुद्धा नये. इन्व्हर्टरला थंड करणारा छोटा पंप दमलाय. ज्यांना ब्रेक न दाबताही दर काही सेकंदांनी पुढून गुणगुण ऐकू येते, त्यांनी ब्रेकच्या प्रेशर पंपाची तपासणी टाळू नये. तिथे वहीत नोंदी करत बसण्याइतका वेळ नसतो.

इन्स्पेक्शन आणि इतर आपत्ती

न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते आणि चेक इंजिनचा दिवा चालू असला तर गाडी नापास. म्हणून लोक तपासणी केंद्राच्या पार्किंगमध्ये बसून कोड पुसतात. पुसल्यावर गाडीच्या स्वपरीक्षाही कोऱ्या होतात, केंद्राचं यंत्र ते ओळखतं आणि 'अजून तयार नाही' म्हणून परत पाठवतं. त्या परीक्षा पूर्ण व्हायला गाव आणि हायवे मिळून बरेच दिवस गाडी चालवावी लागते. तेवढ्यात दिवा परत येतो.

शेवटचा बिघाड वाचायला ना मल्टिमीटर लागतो ना डोंगल. काल रात्रीपर्यंत मुकी असलेली गाडी सकाळी इंजिन लागताच सगळी गल्ली जागी करते. कोड शोधत बसू नये, गुडघ्यावर बसून गाडीखाली बघावं. जिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता तिथे दोन ताज्या कापलेल्या नळ्या दिसतील. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, आणि प्रियसचं इंजिन अर्धा वेळ बंद असल्यामुळे ते इतर गाड्यांपेक्षा जास्त शिल्लक राहतं, हे चोरांना मालकांच्या आधी कळलेलं आहे. विम्यात चोरीचं कलम असेल तर फोन करावा, मग पोलिसांत जावं. तिथे गाडीचं नाव सांगितलं की समोरचा माणूस पुढचा तपशील न विचारता स्वतःच लिहून घेतो.